शेगडीवाला डॉक्टर

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर शेंगा फोडल्या आणि एका डॉक्टरची टिंगल केली.

दाराच्या कट्ट्यावर ऊन उतरणीला लागलं होतं. मधे सूप, अलीकडं मी, पलीकडं ती. चार शेंगा फोडल्या की दोन दाणे माझ्या तोंडात जायचे, आणि मान वर न करता तिला ते कळायचं. "चटणीला उरू द्या की वाईच," ती म्हणाली. तेवढ्यात फोलपटाचा कण घशात गेला आणि मला ठसका लागला. दुसरी एखादी पाणी घेऊन धावली असती. हिनं कमरेवर हात ठेवले, मान बगळ्यासारखी पुढं काढली आणि नाकातनं आवाज काढून म्हणाली, "चांदीवाल्या, खोकतोस काय? खोकणं गाढवालाही येतं. फुंक!"

हुबेहूब तो. चाळीस वर्षं होत आली त्या माणसाला बघून, पण तिच्या गळ्यात तो जसाच्या तसा राहिला होता. मला अरेतुरे करायची तिला एवढीच एक मुभा होती, डॉक्टरच्या आवाजात. मी हसलो, ती हसली, हसता हसता तिला धाप लागली, आणि धाप लागली म्हणून ती आणखी हसली. मग दाणे डब्यात गेले, फोलपटं बंबाजवळच्या पोत्यात गेली, आणि आम्ही आत गेलो.

तिला जाऊन आता दोन महिने झाले. पोरगी म्हणते, बाबा, आईवर काहीतरी लिहून ठेवा. मी तिसरी नापास माणूस. बायकोवर लिहायला बसलो की हात पुढं सरकत नाही. डॉक्टरवर मात्र चालतो, कारण त्याचा राग अजून शिल्लक आहे.

माणूस दिसायला म्हणजे खुंटीला अडकवलेला कोट. आत कोणी आहे की नाही, हे कोट हलला तरच कळायचं. त्या पांढऱ्या कोटाला पुढच्या बाजूनं चाळणीसारखी भोकं होती, त्याचं कारण पुढं येईल. गुजरीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफबाजाराच्या, पाठीमागं एक बोळ होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं उलटं चालत जायचं, असला. त्या बोळाच्या पार टोकाला ह्याचा दवाखाना. आजारी माणसाला बाजेवर घालून आणलं तर बाज वळायची नाही. मग रोग्याला उतरवून चालवत न्यायचं. लोक म्हणायचे, डॉक्टरसाहेब, मोठ्या रस्त्यावर जागा घ्या की. तर हा म्हणणार, "रोग मोठ्या रस्त्यावर राहत नाही, बोळात राहतो. मी त्याचा शेजारी."

असली वाक्यं त्याला रोज सुचायची आणि ती ऐकायला माणसं कमीकमी होत जायची.

त्याच्याकडं सायकल होती. तिच्यावर बसलेला त्याला कोल्हापुरात कोणी बघितला नाही. हँडल धरून बाजूनं चालायचा. मी एकदा विचारलं, "चालायचं हाय तर सायकल कशाला?" म्हणाला, "शेगडी कोण वाहणार? तू?"

खरंच, मागं कॅरिअरला सुतळीनं बांधलेली लोखंडी शेगडी असायची. दवाखान्यातही तीच. टेबलाच्या जागी शेगडी, तिच्यात राखेखाली निखारे, आणि शेजारी चारपाच फुंकण्या, बायका चुलीला वापरतात तसल्या. कानाला लावायची नळी होती, पण ती दाराला कडी म्हणून अडकवलेली. रोगी आत आला की पहिलं काम, निखारा फुंकायचा. काय होतंय हे मागाहून. खरूज झालेल्यानंही फुंकायचं आणि दाढ दुखणाऱ्यानंही फुंकायचं. निखारा किती फुंकरीत लाल होतो ते हा बोटांवर मोजायचा. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, छातीनं बोलत नाही," म्हणायचा.

एकदा तालमीतला एक पैलवान गुडघा मुरगळला म्हणून आला. "फुंक." पैलवान म्हणाला, "डॉक्टर, गुडघा हाय ह्यो." "मला दिसतंय कुठे काय आहे. फुंक." पैलवानानं रागानं दम भरला आणि असा काही सोडला की शेगडीतली राख, निखारे, ठिणग्या सगळं डॉक्टरच्या अंगावर. कोटाची भोकं ती त्या दिवशीची. कोट जळतोय आणि हा आनंदानं ओरडतोय, "एक! एका फुंकरीत!" गुडघ्याकडं बघायचं राहूनच गेलं. पैलवान लंगडत आला होता तसा लंगडत गेला.

आणि तोंड? एका बाईला म्हणाला, "तुला काही झालेलं नाही, तुझ्या सासूला घेऊन ये." काही झालं नसलं तर औषध द्यायचा नाही. आम्हा लोकांना हे चालत नाही. आम्हाला बाटली लागते. ती रंगीत लागते, वर कागदाची पट्टी चिकटवलेली लागते. पेठेतला दुसरा, मोटारवाला डॉक्टर प्रत्येकाला बाटली द्यायचा, म्हणून त्याच्या दारात रांग. आमच्या ह्याच्या दारात मांजर.

सदान्‌कदा तोंडात पान. पानापेक्षा चुनाच जास्त. कोटाच्या खिशात पितळी डबी, तिच्यात बोट घालायचं आणि चाटायचं. ओठ कायम पांढरे. ती डबी लक्षात ठेवा.

आता आमचं सांगतो. कोल्हापूरचं राज्य विलीन होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. मी गुजरीत आटणीत कामाला होतो. आटणी म्हणजे जुनं सोनंचांदी वितळवून, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून शुद्ध करायची जागा. शोऱ्याचं तेजाब चांदीवर पडलं की तांबूस धूर निघतो. आमचे जुने कारागीर शिकवायचे, तेजाब उघड्यावर करायचं, वारा पाठीवर घ्यायचा आणि तांबडा धूर दिसला की बाजूला व्हायचं. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

बायकोचा लग्नातला शालू विरला होता. पदराची जर तेवढी चांगली होती. तिच्या मनात आलं, ह्या जरीची जोडवी करायची. "लग्नातली जर डोक्यावर घेतली, आता पायात घालतो," म्हणाली. कोल्हापूरची बाई, करतो-जातो असंच बोलायची. मी म्हटलं, आटणीत घालून आणतो. तर नको. तिथं सतरा घरची चांदी एका मुशीत जाते. तिला तिचीच पाहिजे होती.

अमावस्येला गुजरीतले कारागीर काम बंद ठेवतात. त्या दिवशी मी मालकाला न विचारता आटणीतलं अर्धी बाटली तेजाब घरी आणलं. घर भाड्याचं, पुढच्या सोप्यात घरमालक राहायचा आणि त्यानं आधीच बजावलं होतं, सोनारकामाचा वास आला तर त्याच दिवशी बाहेर. म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी लावली. दाराच्या फटीत वाकळ कोंबली. चुलीत जर जाळली, राहिलेला गोळा लोणच्याच्या बरणीत टाकला, बरणी तापलेल्या वाळूत ठेवली आणि वरनं तेजाब ओतलं. माझ्यासारखा हुशार मीच.

एवढ्यात घरमालकाच्या खडावा वाजल्या. मी तिच्या हातात काचेची कांडी दिली, म्हटलं, "हलवत ऱ्हा, मी ह्याला बघतो," आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. घरमालकाला कुस्त्यांचा नाद. मी त्याला खासबागेतल्या एका कुस्तीत गुंतवला. कोणी कुणाला ढाक लावली, कोण चितपट झाला नव्हताच, असं अर्धा तास. तो हात करून डाव दाखवत होता आणि मी "व्हय, व्हय" म्हणत होतो. आत ती बरणीवर वाकून कांडी फिरवत होती.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. थोडी खोकली, गंगावेशीतनं आणलेलं कोमट दूध प्याली. संध्याकाळी तिनं भाकरी केली, कोरड्यास केलं. चांदी तर अशी देखणी उतरली म्हणता! आठवड्यात मी जोडवी करून तिच्या पायात घातली. तेजाबाचं हेच वाईट. त्या दिवशी माणसाला सोडून देतं.

तिसऱ्या आठवड्यात नळावरनं घागर आणताना ती वाटेत बसली. दुसऱ्या दिवशी चूल पेटेना. फुंकर घालायची, खोकायची, परत घालायची. अंगात ताप. चार दिवसांत चार पावलं टाकली की धाप. मोटारवाल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. दोन्हीकडं मोहरी पेरल्यासारखे ठिपके. म्हणाला, क्षय, छातीभर पसरलाय. सॅनेटोरियमला चिठ्ठी दिली. तिथं खाट मोकळी व्हायची वाट बघा म्हणाला.

मला बरणी आठवली नव्हती असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, त्याला तीन आठवडे झाले, तेजाबानं व्हायचं असतं तर त्याच दिवशी झालं असतं. हे मी मनाला पटवलं, कारण पटवण्यात माझा फायदा होता. बोललो तर घर जाईल, आटणीतलं काम जाईल. म्हणून बोललो नाही. शेजारणींनी तिची कपबशी वेगळी केली तरी बोललो नाही.

आटणीतला एक म्हातारा कारागीर म्हणाला, "खाट मिळंपर्यंत त्या शेगडीवाल्याला तरी दाखीव की. छातीचंच खूळ हाय त्याला." बोळातनं तिला भिंतीला धरून धरून नेली.

छातीचा रोगी म्हटल्यावर डॉक्टरनं निखाऱ्याआधी काड्यापेटीतली काडी ओढली. तिच्या तोंडापासनं वीतभर लांब धरली. "तोंड उघडं ठेव. ओठ न मिटता फुंक."

तिनं ओठ मिटून घेतले.

"फुंक बाई, बोट भाजतंय."

"मी न्हाई फुंकणार," ती म्हणाली. "दिवा कुणी तोंडानं इझवतं व्हय?"

"दिवा नाही ही, काडी आहे!"

"जाळ तर हाय न्हवं? तोंडाची फुंकर घालून जाळ इझवत न्हाईत. अवलक्षण असतं."

डॉक्टरचं बोट भाजलं. त्यानं दुसरी काडी ओढली, तिसरी ओढली. ती मान फिरवून बसली. हा नाचायला लागला. "चांदीवाल्या! हिला फुंकता येत नाही की फुंकायचं नाही?" मी म्हटलं, "साहेब, घरची रीतच हाय तशी. समईसुदीक पदरानं इझवती." तेव्हा मला तिचा अभिमानच वाटला होता. खरी गोष्ट मला नंतर कळली. तिला फुंकता येत नव्हतंच. ते माझ्यापासनं लपवायला तिनं रीत पुढं केली होती.

हे त्या खुळ्याच्या ध्यानात आलं, माझ्या नाही. एकदम शांत झाला आणि म्हणाला, "जाळ विझवायचा नाही. बरोबर आहे बाई तुझं. पण पेटवायला तर हरकत नाही? चांदीवाल्या, घरी जा. हिची रोजची फुंकणी घेऊन ये. माझ्या नकोत, हिची."

मी पळत गेलो, घेऊन आलो. तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि शेगडीवर वाकली. डॉक्टर तिच्या पाठीशी बसला, पदरावरनंच कान टेकवला. ती फुंकत होती. राखेचा एक कण हलेना. डॉक्टर बोटं मोजत होता. दहा झाली, परत पहिल्यापासनं सुरू केली. मग तिच्या हातातनं फुंकणी गळून पडली आणि ती जमिनीवर हात टेकून बसली. बायको चुलीपुढं रोज बसायची, मी रोज तिच्या हातची भाकरी खायचो, आणि तिच्यात निखारा हलवण्याएवढाही वारा उरला नाही हे मला परक्या माणसाच्या शेगडीवर कळलं.

डॉक्टरनं फोटो दाराच्या उजेडात धरला. "फोटो चांगला काढलाय," म्हणाला. "मोहरीही चांगली उगवली आहे. पेरली कुणी?"

मी म्हटलं, "क्षय म्हणालेत."

"क्षयाला घाई नसते. ही महिन्याभरापूर्वी घागरी आणत होती. महिन्याभरात काय झालं?"

"काय न्हाई."

"धूर? वास? काही जाळलं? काही सांडलं?"

"काय न्हाई साहेब."

त्यानं तिचा उजवा हात ओढला. अंगठ्याच्या आणि बोटांच्या नखांना पिवळा डाग होता. "हे काय?"

"हळद हाय," मी म्हटलं. "बाईमाणसाच्या हाताला हळद असतीच की."

डॉक्टरनं खिशातनं चुन्याची डबी काढली. मला वाटलं, आता हा पान खातोय. त्यानं चुना बोटावर घेतला आणि तिच्या नखावर चोळला. आम्ही तिघंही त्या नखाकडं बघत बसलो. हळदीला चुना लागला की काय होतं हे कुंकू लावणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. रक्तासारखी लाल होते. नख लाल झालं नाही. होतं त्यापेक्षा जरा गडद, नारिंगीकडं झुकलं, एवढंच.

डॉक्टरनं मग माझा हात ओढून तिच्या हाताशेजारी ठेवला. माझी दहाही नखं तसलीच.

"त्यास्नी काय इचारू नका," बायको म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. "मीच केलं. त्यास्नी ठावं न्हाई."

"तू गप्प बस, वारा जपून वापर," डॉक्टर म्हणाला. आणि मला म्हणाला, "ऐक. क्षय असला, तर मी देईन ते औषध हिला पंधरा दिवसांत मारेल. तेजाब असलं, तर क्षयाची सुई हिला वाचवणार नाही. मधलं काही नाही. तू अजून हळद म्हणालास तर हळद. तू सांगशील ते मी मानणार. बोल."

मी सांगितलं. बरणी, खिडकी, वाकळ, घरमालक, कुस्ती, सगळं. अर्धा तास हे सगळ्यात शेवटी सांगितलं.

माझी अपेक्षा होती की हा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं काय केलं? टाळी वाजवली. उडी मारली त्या चिंचोळ्या खोलीत! "तीन आठवडे! मधे अगदी बरी होती ना? स्वयंपाक करत होती ना? मग एकदम? अरे, हे मी फक्त वाचलंय! बघितलं कधीच नाही! आयुष्यात एकदा दिसतं डॉक्टरला, ते पण नशीब असेल तर!" मला म्हणाला, "बरणी आहे का रे अजून? मला बघायची आहे."

माझी बायको मरायला टेकलेली आणि हा माणूस दिवाळी करतोय. माझी मूठ आवळली होती. आज खरं सांगतो, तिनं माझं मनगट धरलं नसतं तर त्याचा एक दात मी पाडलाच असता. त्याच्यावरचा राग शिल्लक आहे म्हटलं ना, तो हा. आणि तो टाळी वाजवणारा नसता, रोगाचा असला आचरट शौक त्याला नसता, तर माझी बायको सॅनेटोरियमच्या खाटेवर क्षयाच्या नावानं मेली असती. हे दोन्ही मला एकदम मानावं लागतं. जमत नाही.

नाचून झाल्यावर त्यानं मला समजावलं. "दागिन्याचा सांधा जोडायला डाग देताना तू तोंडानं फुंकतोस ती नळी कचऱ्यानं बुजली तर काय करतोस?"

"तार घालून साफ करतो."

"इथे तार जात नाही. छातीतले मोठे रस्ते हिचे चांगले आहेत. सगळ्यात शेवटचे बोळ आहेत ना, केसासारखे, ते तुझ्या धुरानं आतून सोलवटले. आता जखम भरतेय आणि भरता भरता बोळच बुजतोय. तिचं शरीर तिला बरं करतंय आणि बरं करून मारतंय. आपण त्याला म्हणायचं, बाबा, हळू."

त्यासाठी गोळ्या होत्या, कॉर्टिसोन म्हणून. नवंच औषध होतं, कोल्हापुरात मिळत नव्हतं. त्यानं मुंबईच्या कोणा दोस्ताला तार केली. पार्सल आलं. पहिली गोळी देण्याआधी त्यानं ती उजेडात धरून दोनदा उलटीपालटी करून बघितली. मी म्हटलं, "साहेब, तुमची खात्री हाय न्हवं?" म्हणाला, "नाही." असला डॉक्टर.

चार दिवस काही फरक नाही. मी आपला मोटारवाल्याची चिठ्ठी खिशात घेऊन फिरत होतो. सातव्या-आठव्या दिवशी तिनं शेगडीवर फुंकणी धरली आणि निखाऱ्याच्या कडेला बारीक लाली आली. गेली. परत आली. डॉक्टरची नऊ बोटं उघडी होती. मी डोळे पुसत होतो. तो म्हणाला, "राख उडवू नको बाई, कोट धुतलाय."

इथं गोष्ट संपवायला पाहिजे होती. पण आम्ही आमच्या वळणावर गेलोच. त्या गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं, घागरीसारखं गोल झालं. कपबशी वेगळी करणाऱ्या शेजारणी आता म्हणायला लागल्या, "काय गं, बाळसं धरलंयस? गोड बातमी हाय काय?" त्या वेळी आम्हाला मूलबाळ नव्हतं, ते तिच्या जिव्हारी लागलं. तिनं गोळ्या गुपचूप तुळशीच्या कुंडीत पुरायला सुरुवात केली. बरं तर वाटतंय, मग कशाला? पंधरवड्यात परत धाप. परत ताप. ह्या खेपेला नखं निळी.

डॉक्टर आमच्या घरी आला. सायकल घरमालकाच्या दारात आडवी लावली, आत आला, तुळशीभोवतीची उकरलेली माती बघितली आणि कुंडी उपडी केली. माती चिवडून विरघळलेल्या गोळ्या बघितल्या. "तुळस बरी आहे का?" म्हणाला. "तिला धाप लागत होती का?"

त्या दिवसापासनं तो रोज सकाळी यायला लागला. पाट ओढून चुलीपुढं बसायचा, तिच्या जिभेवर गोळी ठेवायचा, गिळली की "आ कर" म्हणून जीभ उचलून बघायचा. मग चहा. चहाला नावं ठेवायचा. "हा चहा आहे की चपला धुतलेलं पाणी?" आणि दुसरा कप मागायचा. मग फुंकणी. मग काडी ओढून वीतभर लांब धरायचा. "आज तरी?"

"न्हाई."

"का?"

"जाळ इझवत न्हाईत."

महिनोन् महिने. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तो माणूस सुट्टी म्हणून एक दिवस चुकला नाही. गोळी अर्धी झाली, पाव झाली, मग थांबली, तरी हा येतच राहिला. घरमालक रोज त्या सायकलला अडखळायचा आणि डॉक्टरला भिऊन गप्प बसायचा. एक दिवस डॉक्टरनं त्यालाही फुंकायला बसवला. "छाती उत्तम," म्हणाला. "वरचा मजला रिकामा." बायकोनं तोंडाला पदर लावला. बऱ्याच महिन्यांनी ती पोट धरून हसली आणि खोकली नाही. डॉक्टर तिच्याकडं बघत बसला, चहाला नावं ठेवायची विसरून.

त्याला आम्ही काय दिलं? जोडव्यातली चांदी देऊ केली तर म्हणाला, "दुसऱ्याच्या फुफ्फुसातनं काढलेली चांदी मी घेत नाही." चांगलं बोलायची सोय नव्हतीच.

दोन वर्षांनी त्याच्या कानावर गेलं की चंदगडकडं काजू भाजायच्या भट्ट्यांवर बायका धुरानं खोकतात. झालं. बोळातला दवाखाना बंद. आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो तर हा शेगडी मांडीवर घेऊन बसलेला आणि कंडक्टर हुज्जत घालतोय, "पावणं, आत निखारं न्हाईत न्हवं?" डॉक्टर म्हणाला, "हात घालून बघ." कंडक्टरनं घातला नाही.

गाडी सुटायच्या आधी त्यानं खिडकीतनं काड्यापेटी दाखवली. "बाई, मी चाललो. आता तरी एकदा फुंकून दाखव."

ती म्हणाली, "मेल्यावर फुंकतो की."

"तेव्हा मी नसणार. नवऱ्याला धरायला सांग. वीतभर लांब म्हणावं. हा जवळ धरेल, ह्याला अंतराची अक्कल नाही."

परत तो दिसला नाही. पुढं कोणीतरी सांगितलं, तिकडंच वारला. कशानं, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. ती बातमी ऐकून बायको फुंकणी घासत बसली. पुढं पोरगी झाली, घरात गॅस आला, तरी ती फुंकणी भिंतीच्या खिळ्यावरनं हलली नाही.

शेंगा फोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर बंबात जाळ नव्हता. ती माझ्या आधी उठायची, कायम. म्हटलं, आज म्हातारी झाली वाटतं. मीच बंब पेटवला. खिळ्यावरची ती फुंकणी घेतली, फोलपटं घातली आणि फुंकलं. तीन फुंकरीत पेटला. तिथनंच ओरडलो, "अगं, तीन! ऐकलंस काय? तीन!"

आतनं शिवी आली नाही.

आत गेलो. उजेड तिच्या तोंडावर आला होता. ती कुशीवर होती, हात उशाला. नाकाजवळ बोट धरलं, पण माझ्या बोटाला तेजाबानं कातडं उरलेलं नाही, त्याला काय कळणार. मग काड्यापेटी घेतली. काडी ओढली. वीत मोजून घेतली, अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत, आणि तेवढ्या अंतरावर धरली. अगदी तेवढ्याच.

मेल्यावर फुंकतो म्हणाली होती.

जाळ सरळ उभा राहिला. जरासुद्धा हलला नाही. काडी जळत खाली आली, नखापर्यंत आली. मी ती फुंकली नाही.